र्‍योकानमध्ये पहिला मुक्काम: बुकिंगपासून निरोपापर्यंत

र्‍योकान म्हणजे जपानी पद्धतीची पारंपरिक सराय. तिचा दर खोलीवर नसतो, माणशी असतो. त्यात बहुतेक वेळा रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. जपानीत याला ‘इप्पाकु निशोकु’ म्हणतात: एक रात्र, दोन जेवणं. खोली दुपारी ३ वाजता ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता सोडायची असते. आपण पैसे मोजतो ते या मधल्या १९ तासांचे. दिवसभर फिरून रात्री ९ ला पोहोचायचं आणि सकाळी ७ ची गाडी धरायची, असा बेत केला तर जेवण चुकतं, आंघोळ घाईत उरकते आणि महागड्या खोलीत नुसती झोप होते. म्हणून र्‍योकानच्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. ३ ला पोहोचा आणि तिथेच राहा.

ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी. कोकणात ज्याला उन्हाळे म्हणतात तेच. जपानमध्ये मात्र या शब्दाला कायद्याची व्याख्या आहे. १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावं लागतं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी त्यात पुरेशा प्रमाणात असावा लागतो. त्यामुळे थंड झऱ्याचं पाणी तापवून वापरणारी जागाही रीतसर ओन्सेन असू शकते. बुकिंग करताना ‘गेन्सेन काकेनागाशि’ असं लिहिलेलं दिसलं, तर झऱ्याचं पाणी सतत कुंडात येतं आणि वाहून जातं, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवत नाहीत, असं समजा. आमच्या मते थोडे जास्त पैसे द्यायचे तर ते खोलीच्या सजावटीपेक्षा यासाठी द्यावेत.

गाव निवडताना

टोकियोहून सर्वांत सोयीचं हाकोने. शिंजुकूहून ‘रोमान्सकार’ गाडीने हाकोने-युमोतोला साधारण दीड तासात पोहोचता येतं. कुसात्सुचं पाणी जोरदार आम्लधर्मी आहे, सामू २ च्या आसपास. डोळ्यांत आणि ओरखड्यांवर चुरचुरतं. कोबेजवळच्या आरिमामध्ये लोहयुक्त तांबूस पाणी आहे, तिथे पांढरा टॉवेल नेला तर डाग कायमचे. गेरोचं पाणी अल्कधर्मी, अंगाला गुळगुळीत लागणारं.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आम्ही किनोसाकी सुचवू. क्योटोहून थेट गाडीने सुमारे अडीच तास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि तिथल्या र्‍योकानात उतरलेल्यांना त्यांचा पास मिळतो. संध्याकाळी अख्खं गाव युकाता (सुती झगा) आणि गेता (लाकडी चपला) घालून रस्त्यावर फिरत असतं, त्यामुळे बुजायला होत नाही. पुढचा काय करतोय ते पाहून शिकता येतं. हिवाळ्यात तिथे खेकड्यांचा हंगाम असतो आणि दर चढतात. खेकडा खायचा नसेल तर नोव्हेंबर ते मार्च टाळलेला बरा.

दराचा अंदाज: दोन जेवणांसह माणशी १५,००० ते ३०,००० येन हा मधला पट्टा; त्याच्या वर कितीही. शनिवारी, नववर्षाला, एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकमध्ये (सलग सुट्ट्यांचा आठवडा) आणि ऑगस्टमधल्या ओबोनला (पितरांचा सण) दर वाढतात. एकट्या प्रवाशाला अनेक र्‍योकान शनिवारी घेतच नाहीत, कारण हिशोब माणशी असतो आणि एका माणसाने खोली अडली की त्यांचं नुकसान होतं. एकट्याने जायचं असेल तर मधला वार धरा. याशिवाय स्नानकर लागतो, बहुतेक गावांत माणशी रात्रीला १५० येन. तो अनेकदा जागेवर रोख द्यावा लागतो. लहान र्‍योकानात कार्ड चालेलच असं नाही.

खोलीचं माप तातामीच्या चटयांत देतात. एक ‘जो’ म्हणजे एक तातामी, साधारण ९० बाय १८० सेंटिमीटर. ८ जोची खोली १३ चौरस मीटरच्या आसपास भरते; दोघांना ऐसपैस, तिघांना ठीक. चौघांना १० ते १२ जो हवी. आईवडिलांना घेऊन जात असाल आणि कोणाचे गुडघे दुखत असतील तर हे बुकिंगच्या वेळीच सांगा. बसायचं जमिनीलगत, झोपायचं जमिनीवर, उठताना धरायला काही नाही, असा प्रकार असतो. पलंग असलेली खोली (‘वायोशित्सु’) आणि टेबलखुर्चीवर जेवण, या दोन गोष्टी मागितल्या की प्रश्न मिटतो. ऐनवेळी मागून पलंग मिळत नाही.

शाकाहारी असाल तर

मराठी शाकाहारी पाहुण्यांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते, आणि ती सगळी आधी टाळता येते.

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’, म्हणजे अर्क काढलेलं पाणी. ते बहुधा कात्सुओबुशीचं असतं: वाळवून धुरावलेला बोनिटो मासा. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं सार), शिजवलेला भोपळा, वांगं, अंड्याची वडी, बुडवून खायचा सॉस, सगळ्यांत ते असतं. ताटात मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं समजू नका. दुसरी अडचण शब्दाची. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर अनेक आचारी त्याचा अर्थ ‘मटण-चिकन नको’ एवढाच घेतात आणि मासे वाढतात.

रात्रीच्या जेवणात, ज्याला काइसेकी म्हणतात, आठ-दहा लहान पदार्थ क्रमाने येतात. सामग्री एकदोन दिवस आधीच मागवलेली असते. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, आणि ‘जमेल’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. लिहायचं वाक्य असं: ‘निकु, साकाना, एबि, काइ, कात्सुओ-दाशि वा ताबेरारेमासेन. कोम्बु-दाशि वा दाइजोबु देसु.’ म्हणजे मांस, मासे, कोळंबी, शिंपले आणि बोनिटोचं दाशी खात नाही. कोम्बु या समुद्री वनस्पतीचं दाशी चालेल. अंडं चालत नसेल तर त्या यादीत ‘तामागो’ घाला.

नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. लहान स्वयंपाकघरात दोन वेगळी दाशी करणं खरंच अवघड असतं. अशा वेळी ‘सुदोमारि’ म्हणजे जेवणाशिवायची खोली घ्या. ती बरीच स्वस्त पडते. मात्र डोंगरातल्या गावांत रात्री ८ नंतर जेवणाची दुकानं मिटतात, त्यामुळे सोबत थेपले, चटणी, गरम पाणी ओतून होणारा उपमा असं काही ठेवा. खोलीत विजेची किटली असते, शेगडी नसते. साधा पांढरा भात मिळाला की मेतकूट आणि तूप घरून आणलेलं फार उपयोगी पडतं. फक्त बाहेरचं खाणं खोलीत खाल्लं तर चालेल का, हे विचारून घ्या.

पूर्ण शाकाहारी जेवण हवंच असेल तर कोयासान या बौद्ध पर्वतावर मठात राहा. तिथल्या ‘शोजिन र्‍योरि’त मांसमासे नसतात आणि कांदालसूणही नसतो, कंदमुळं मात्र असतात, हे जैन मंडळींनी लक्षात घ्यावं. तिथल्या फुकुचि-इन मठात ओन्सेनही आहे.

पोहोचताना

मोठी बॅग सोबत नेऊ नका. ‘ताक्युबिन’ सेवेने ती आदल्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवून द्या आणि एका रात्रीपुरती पिशवी घ्या. बॅगेच्या चाकांनी तातामी फाटते, म्हणून खोलीत चाकं फिरवायची नसतात, उचलून न्यायची. स्टेशनवरून र्‍योकानची गाडी येत असेल तर तिची वेळ आधी सांगावी लागते. उशीर होतोय असं दिसलं की फोन करा. ठरलेल्या वेळेनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो, त्याची प्रत काढून घेतात. हा कायद्याचा नियम आहे.

दारात बूट काढायची खालची जागा आणि वरची लाकडी पायरी असते. बूट खाली काढायचे आणि पाय थेट वर ठेवायचा. मोज्यांनी खालच्या फरशीवर उभं राहायचं नाही. आत सपाता घालून फिरायचं, पण तातामीच्या कडेला आलं की त्याही काढायच्या. शौचालयात वेगळ्या सपाता असतात. त्या घालूनच खोलीत परत येणं ही नवख्यांची ठरलेली चूक, तेव्हा बाहेर पडताना पायांकडे एकदा बघा. न फाटलेले मोजे घालून जा.

खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना ‘नाकाई-सान’ म्हणतात. त्या चहा देतात, जेवणाची वेळ विचारतात (६, साडेसहा किंवा ७), स्नानगृह कुठे ते सांगतात. टेबलावर गोड पदार्थ ठेवलेला असतो तो आंघोळीआधी खा. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं की चक्कर येते. भिंतीतला एक कोनाडा, जिथे चित्र टांगलेलं आणि फुलं ठेवलेली असतात, तो ‘तोकोनोमा’. तिथे बॅग ठेवायची नाही, त्यावर बसायचं नाही. आपण देवघरासमोर सामान टाकत नाही, तसंच.

युकाता

कपाटात सुती युकाता आणि पट्टा असतो. आंघोळीला, जेवायला, झोपायला हाच वेष चालतो. उजवी बाजू आधी अंगाला लपेटायची, डावी तिच्यावर. उलटं लपेटतात ते फक्त मृतदेहाला, त्यामुळे चुकलं तर कुणीतरी येऊन दुरुस्त करतं. पडताळा सोपा: उजवा हात छातीपाशी घडीच्या आत सहज गेला पाहिजे. बायका पट्टा कमरेला बांधतात, पुरुष त्याहून खाली. आत अंतर्वस्त्रं घातलेली चालतात. युकाता आखूड वाटला तर मोठ्या मापाचा मागा, देतात.

आंघोळ

सगळे पूर्ण विवस्त्र असतात. पोहण्याचा पोशाख, गाऊन, चड्डी, काहीच चालत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत कपड्यांसकट उतरायची सवय असलेल्यांना हे जड जातं, आणि ते साहजिक आहे. बायका आणि पुरुष यांची जागा वेगळी असते आणि कुणी कुणाकडे पाहत नाही. तरीही मनाला पटत नसेल तर ‘काशिकिरि-बुरो’ मागा. ते ४५-५० मिनिटांसाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारं कुंड. कुठे फुकट, कुठे २,००० ते ४,००० येन. याची वेळ खोली घेतानाच नोंदवा, संध्याकाळचे तास लगेच भरतात.

दारावर पडदा असतो: बहुधा निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर भरवसा ठेवू नका, अक्षर बघा. ज्या अक्षराच्या डोक्यावर चार खणांची खिडकी दिसते ते पुरुषांचं. अनेक र्‍योकानात रात्री दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, म्हणजे सर्वांना दोन्ही कुंडं मिळतात. काल संध्याकाळी डावीकडे गेलात म्हणून आज सकाळी तिकडेच वळू नका. आणखी एक: खोलीला अनेकदा एकच किल्ली असते. आधी कोण बाहेर येणार ते ठरवून ठेवा, नाहीतर ओल्या केसांनी दारात उभं राहावं लागतं.

खोलीतला मोठा टॉवेल आणि छोटा पंचासारखा टॉवेल, दोन्ही घेऊन जा. कपडे आणि मोठा टॉवेल टोपलीत ठेवा, छोटा घेऊन आत जा. फोन खिशातून बाहेरच काढू नका. कपडे बदलायच्या खोलीतही त्याला मनाई असते. भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा तक्ता असतो, कोणी उतरू नये हेही त्यावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून ही माहिती काउंटरवरच विचारून घ्या.

आत भिंतीला नळ, आरसे आणि बुटकी स्टुलं असतात. स्टुलावर बसूनच अंग धुवायचं; उभं राहून शॉवर घेतला की शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. साबण-शाम्पू तिथे असतात. डोक्याला तेल असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत केस धुवा, कारण तेलाचा तवंग कुंडभर पसरतो. टिकली काढा. लांब केस वर बांधा, एकही बट पाण्याला लागू नये. साबण अंगावरून पूर्ण गेल्याशिवाय उठू नका. उठताना स्टूल धुऊन जागेवर ठेवा. कुंड अंग स्वच्छ करायला नसतं, स्वच्छ अंगाने शेकायला असतं. अख्खं र्‍योकान त्याच पाण्यात उतरतं.

मग कुंडातलं पाणी छोट्या तपेलीने आधी पायांवर, मग मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर घ्या. याला ‘काकेयु’ म्हणतात. पाणी ४० ते ४२ अंश असतं, थेट उतरलं की रक्तदाब एकदम हलतो. हळूच उतरा, उडी नाही, पोहणं नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. पहिल्यांदा ५ मिनिटं पुरेत. मग बाहेर काठावर बसा, वाटलं तर पुन्हा ५ मिनिटं. ‘एवढे पैसे दिलेत’ म्हणून अर्धा तास बसणाऱ्यांना ‘युआतारि’ होतो: डोकं जड, मळमळ, पाय लटपटणं. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उतरू नये, पहिल्या दिवशी दोनदाच. उठताना कठडा धरून सावकाश उठा. उघड्यावरच्या कुंडाला ‘रोतेनबुरो’ म्हणतात. हिवाळ्यात तिथवरची चार पावलं गोठवणारी असतात आणि दगड निसरडे, पण बर्फ पडत असताना त्या पाण्यात बसण्यासाठीच लोक लांबून येतात.

बाहेर येताना छोट्या पिळलेल्या टॉवेलने अंग पुसून मगच कोरड्या खोलीत पाय ठेवा. पुन्हा साध्या पाण्याने धुवायची गरज नाही, क्षार अंगावर राहू देतात. कुसात्सुसारखं आम्लधर्मी किंवा तीव्र गंधकाचं पाणी असेल आणि कातडी नाजूक असेल तर मात्र धुवा. मग भरपूर पाणी प्या. काचेच्या बाटलीतलं थंड दूधही मिळतं. जपानी लोक ते आवडीने पितात.

दागिने, मेंदी, प्रकृती

गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. म्हणजे जोडवी आणि पैंजण. जोडवी घट्ट असतील तर घरूनच साबण लावून काढा, तिथे सुजलेल्या बोटांतून ती निघत नाहीत. मंगळसूत्राच्या २२ कॅरेट सोन्यातही चांदी-तांबं असतं, त्यामुळे तेही मंद पडू शकतं. खोलीतल्या तिजोरीत ठेवा.

गोंदण हा गंभीर मुद्दा आहे. जपानमध्ये त्याचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला, म्हणून बंदी आली. पर्यटन खात्याच्या २०१५ च्या पाहणीत उत्तर दिलेल्या जागांपैकी सुमारे ५६ टक्के ठिकाणी गोंदलेल्यांना प्रवेश नव्हता. आजीच्या हातावरचं तुळशीचं गोंदणही या नियमात अडकू शकतं. आधी विचारा. लहान असेल तर वरून चिकटवायची पट्टी चालते, नाहीतर खासगी कुंड घ्या. किनोसाकीच्या सातही स्नानगृहांत मात्र गोंदण चालतं. लग्नानंतर लगेच जात असाल तर हातापायांवरची मेंदीही गोंदणासारखी दिसते. ती काही दिवसांत जाणारी आहे हे काउंटरवर सांगून ठेवा.

मासिक पाळीत सामाईक कुंडात उतरू नये. लंगोट लावणाऱ्या बाळांनाही बहुतेक मोठ्या कुंडांत नेत नाहीत. मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला आईसोबत बायकांच्या बाजूला नेता येत नाही. २०२० पर्यंत ही मर्यादा दहा वर्षं होती, त्यामुळे जुनी माहिती वाचून जाऊ नका. गरोदरपणाचा उल्लेख जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये मनाईच्या यादीतून काढला, तरी आपल्या डॉक्टरांना विचारावं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ४२ अंशांवरचं पाणी टाळावं. दारू प्यायल्यावर कुणीच उतरू नये, आणि जेवणानंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

जेवण, झोप, सकाळ

जेवण खोलीत किंवा वेगळ्या दालनात असतं. वेळेवर हजर राहा, कारण प्रत्येक पदार्थ ठरल्या क्षणी तयार होतो. समोर छोटी शेगडी असेल तर ती नाकाई-सान पेटवतात. खालची इंधनाची वडी जळून विझली की पदार्थ झाला, मधे झाकण उघडू नका. भात, सूप आणि लोणचं सर्वांत शेवटी येतं. भाताची वाट बघत बाकीचं थांबवून ठेवणं ही आपली सवय इथे सोडावी लागते. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत. तो मृताला वाढलेल्या भाताचा रिवाज आहे.

तुम्ही जेवत असताना माणसं खोलीत येऊन फुतोन (जमिनीवरची गादी) अंथरतात, म्हणून मौल्यवान वस्तू आधी आवरून ठेवा. गादी पातळ वाटली तर कपाटात दुसरी असते, ती खाली घाला. कुंड मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतं आणि पहाटे ५-६ ला उघडतं. उजाडताना तिथे फारसं कुणी नसतं, तेव्हा बुजऱ्या माणसाने हीच वेळ साधावी.

न्याहारी साडेसात-आठला: भात, मिसो सूप, भाजलेला मासा, अंडं, नोरी (समुद्री शेवाळाची पापडी), लोणची, कधी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन). शाकाहाराची सूचना न्याहारीलाही लागू आहे, हे आदल्या रात्री पुन्हा आठवण करून द्या. रात्रीचं जेवण सांभाळलं जातं आणि सकाळी ताटात मासा येतो, असं होतं.

निघताना फुतोन गुंडाळायची गरज नाही. युकाता ढोबळ घडी करून ठेवा, तो न्यायचा नसतो. पिशवीत घालून दिलेला, र्‍योकानचं नाव छापलेला छोटा टॉवेल बहुधा नेता येतो. फ्रिजमधून घेतलेल्या पेयांचे पैसे काउंटरवर द्या. बक्षिशी देण्याची पद्धत सक्तीची नाही, सेवेचं शुल्क दरात आलेलं असतं. सामान दुपारपर्यंत ठेवून घेतात, तेवढ्यात गाव पाहून होतं. गाडी निघाली की मालकीणबाई आणि नाकाई-सान दारात उभ्या राहून, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवतात. काच खाली करून आपणही हलवायचा.